दुधाळीची जागा

९ मार्च

मा. अधिकारी, पत्रक-संपादन विभाग,
नकाशा कचेरी.

विषय : दुधाळी नदीचे नाव चुकीच्या फाट्यावर छापले गेल्याबद्दल हरकत.

महोदय,
आमच्या केंद्राच्या थोडे वर दोन प्रवाहांचा संगम आहे. वरच्या दिशेला तोंड करून उभे राहिल्यास उजवा फाटा अरुंद घळीतून, थेट हिमनदीच्या पायथ्यापासून येतो. बर्फाखाली दगड दळला जाऊन त्याची पूड पाण्यात उतरते आणि त्यामुळे हे पाणी उन्हाळाभर पांढुरके असते. दुधाळी हे नाव या फाट्याचे. डावा फाटा झऱ्यांचा आहे. त्याचा तळ बाराही महिने दिसतो. आपल्या नकाशा-पत्रकावर मात्र दुधाळी हे नाव डाव्या फाट्यावर आहे. त्यामुळे गेल्या सप्टेंबरात बचाव पथक चुकीच्या घळीत गेले. नवी आवृत्ती छापण्यापूर्वी दुरुस्ती व्हावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
प्रमुख, जलमापन केंद्र

दादा,

वरचं पान कचेरीसाठी आहे. त्यावर आवक क्रमांक घालून ते रीतसर पुढे पाठव. हे दुसरं पान तुझं.

तू फोन उचलत नाहीस. वहिनी दर वेळी सांगते, "मीटिंगमध्ये आहेत." रविवारीसुद्धा. परवा तर तुझ्या खोकल्याचा आवाज आला, तरी म्हणाली मीटिंगमध्ये आहेत. तिला उगाच खोटं बोलायला लावू नकोस, तिला ते जमत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र निदान दारातून परत पाठवता येत नाही.

चौकशीला आलेल्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला होता : पथक डावीकडे का गेलं? मी सांगितलं, कारण नकाशात तसं आहे. यापलीकडे मी काही बोलले नाही. "नकाशाच चुकीचा!" हा मथळा वर्तमानपत्राचा. त्या नकाशावरची अक्षरं बाबांच्या हातची, पण त्यांचं नाव मी घेतलं नाही, तुझंही नाही. तू मात्र फोनवर म्हणालास, "बाबांना चव्हाट्यावर आणलंस," आणि ठेवून दिलास. त्यानंतर अख्खा हिवाळा गेला.

बाबांना यातलं काहीच ठाऊक नाही. त्या दिवशीचं वर्तमानपत्र मी लपवलं आणि बर्फामुळे गाडी आली नाही असं सांगितलं. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. बाबा "असं होय" म्हणाले आणि जुनंच वर्तमानपत्र पुन्हा वाचत बसले.

ती अडकलेली बाई शिक्षिका होती. एकटीच चालायला आलेली. पाय मोडल्यावर तिने फोन करून नीट सांगितलं होतं, "दुधाळीच्या काठावर आहे, समोर पांढरं पाणी आहे." मग फोनची बॅटरी संपली. खालच्या शहरातून आलेलं पथक तुमचं पत्रक हातात धरून डावीकडे चढलं आणि पाणी पांढरं का दिसत नाही यावर वाद घालत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना उजवीकडे वळवलं तेव्हा ती सापडली. ओल्या मोज्यांत रात्र काढल्याने पायाची दोन बोटं कापावी लागली.

आता बर्फ वितळायला लागलं आहे. चालणारे पुन्हा येतील. तुमचं पत्रक मेअखेरीस छापायला जाणार असं ऐकते. एकदा छापलं की पुढच्या आवृत्तीपर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही, हे तुझंच वाक्य. माझ्यावर रागाव, पण ते नाव हलव. दोन्ही एकाच वेळी करता येईल.

तुझी धाकटी


२७ मार्च

दादा,

कचेरीचं उत्तर मिळालं. सही तुझ्या हाताखालच्या माणसाची आहे, पण "सबब" आणि "तथापि" एकाच वाक्यात घालणारा त्या इमारतीत तू एकटाच आहेस.

"अर्जदाराची माहिती ऐकीव स्वरूपाची असल्याने प्रत्यक्ष पाहणीशिवाय विचारात घेता येत नाही. पाहणीसाठी मनुष्यबळ ऑक्टोबरपूर्वी उपलब्ध नाही." म्हणजे आधी छापायचं आणि मग बघायला यायचं.

ऐकीव हा शब्द वाचून आधी डोकं फिरलं. मी रोज सकाळी त्या पाण्यात पातळीची पट्टी पाहते, बाटली भरते, गाळ तोलते. संगमाखाली दोन्ही पाणी एकाच पात्रात शेजारी शेजारी वाहतात, एक पांढरं, एक काचेसारखं, आणि पुलापर्यंत मिसळत नाहीत. पुलावर उभं राहिलं की लहान मूलही सांगेल.

मग जरा शांत झाल्यावर वाटलं, नियम वाईट नाही. पाहणीला जाणाऱ्याने स्वतः पाण्याजवळ उभं राहायचं, बोट दाखवायचं आणि एवढंच विचारायचं : याला काय म्हणता? आपण कुठलंही नाव सुचवायचं नाही. दोन घरांतली दोन माणसं, वेगवेगळी विचारायची, एकाचं दुसऱ्याला ऐकू जाता कामा नये. बाबांनी आपल्याला हे खेळ म्हणून शिकवलं होतं. रविवारी फिरायला गेलो की टेकडी, डबकं, मोडका बाक, जे दिसेल त्यावर बोट ठेवून विचारायचे. एकाने उत्तर द्यायचं, तोवर दुसऱ्याने कानांत बोटं घालायची. तू बोटांत फट ठेवायचास. दोघांची उत्तरं जुळली की बाबा म्हणायचे, "मंजूर, छापायला हरकत नाही." तुझ्या फटीमुळे आपलं बरंच काही मंजूर झालं.

तुझी सर्वेक्षणाची माणसं इथे आली होती ती थंडी पडल्यावर. वरची वितळ थांबलेली, दोन्ही पाणी सारखीच नितळ. त्यांनी काढलेल्या फोटोंत फरक दिसणार नाही. तेव्हा फोटो पाहून "ताईंचं काहीतरीच" असं तुमच्यात कुणी म्हणालं असेल, तर तो खोटारडा नाही, फक्त चुकीच्या महिन्यात आला.

तू ये. कचेरीतर्फे ये, भाऊ म्हणून येऊ नकोस, चालेल. मी तुला चहासुद्धा विचारणार नाही, पंचाईत होत असेल तर.

बाबा बरे आहेत. गुडघे पायऱ्या मोजतात, तोंड माझ्या चुका मोजतं. काल विचारत होते, "दादाचा फोन नाही आला?" मी म्हटलं, "कामात आहे." ते म्हणाले, "कचेरीत काम असायला लागलं का आता? आमच्या वेळी नव्हतं."

तुझी धाकटी


१४ एप्रिल

दादा,

आज जे झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं आणि इथे माझ्याशिवाय कुणी नाही.

सकाळी ती शिक्षिका आली. आधी कळवलं नव्हतं. कुबडी नाही, साधी काठी. पथकाला शेवटी उजवीकडे कुणी वळवलं याची तिने चौकशी केली होती, म्हणून आभार मानायला बसने आली. मी पट्टी पाहायला खाली गेले होते. दार बाबांनी उघडलं आणि तिला स्वयंपाकघरात बसवलं, कारण शेगडी तिथे आहे. मी परत आले तेव्हा दोघं हिमनद्यांवर बोलत होते. बाबांनी तिला माझा आवडता कप दिला होता.

तो फ्रेममधला नकाशा तिच्या समोरच होता. निरोपसमारंभात कचेरीने बाबांना दिलेला, तोच. मी "या ना, बाहेर बसू, ऊन छान आहे" वगैरे सुरू केलं. पण ती उठून नकाशाजवळ गेली.

"अरेच्चा, हाच तो! जुनी आवृत्ती आहे का ही? याच पत्रकापायी माझी दोन बोटं गेली."

बाबा म्हणाले, "कशी?"

"नदीचं नाव भलत्या ओढ्यावर घातलंय. मी इकडे, पथक तिकडे." तिने काचेवर बोट ठेवून दाखवलं. "कुणी काढला असेल हा, त्याला एकदा भेटायचंय मला."

"भेटलात," बाबा म्हणाले. "साखर पुरेशी आहे ना चहात?"

तिला आधी ती थट्टा वाटली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय तोंड केलं होतं कोण जाणे, पण तिला कळलं. बिचारी लाल झाली. म्हणाली, "मला तसं म्हणायचं नव्हतं, आजोबा."

"तसंच म्हणायचं होतं, आणि म्हणायलाच हवं होतं. बसा. पाय वर घ्या." मग माझ्याकडे वळून : "प्रमुखबाई, फ्रेम खाली काढ."

मी म्हटलं, "बाबा, नंतर पाहू."

"नंतर कशाला? वर्तमानपत्राची गाडी यायची आहे का?"

म्हणजे तेही त्यांना ठाऊक होतं. पेपर लपवला एवढं कळलं होतं, का लपवला ते आज कळलं.

मी फ्रेम काढली. त्यांनी भिंग मागितलं. संगमावर बराच वेळ भिंग धरलं, मग तिला विचारलं की ती नेमकी कुठल्या वळणाशी पडली, बर्फाचा पूल होता का, कड्यावरून खाली उतरली की पाण्याकडून वर चढली. तीही घडाघडा सांगू लागली. मध्येच दोघांचं हसणंही झालं, कशावर ते मला कळलं नाही. मी चहा पुन्हा उकळत होते. जाताना ती बाबांना म्हणाली, "मी रागावून आले नव्हते हो." बाबा म्हणाले, "रागावून आला असतात तरी चहा मिळाला असता."

ती गेल्यावर बाबांनी जेवण अर्धं टाकलं. फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली आहे, नकाशाची बाजू आत. खिळा तसाच रिकामा दिसतो.

दादा, तू जे जपत होतास ते आज उघड्यावर आलं, आणि माझ्या चौकशीमुळे नाही, एका कप चहामुळे आलं. आता तरी बोल. माझ्याशी नको, त्यांच्याशी.

धाकटी


२० एप्रिल

दादा,

तुझा फोन आला नाही. ठीक आहे. बाबा बोलले, ते लिहिते.

परवा सकाळी नाश्त्याला एकदम म्हणाले, "जागाच नव्हती."

मी विचारलं, "कशाला?"

"अक्षरांना. उजव्या घळीत दोन्ही बाजूंनी कडे. कड्यांच्या रेघांवर अक्षर चढवायचं नाही असा नियम. खाली सडक आणि तुझं हे केंद्र, त्याचं नाव भलतंच लांब. मी साहेबांना म्हटलं, दुधाळी बसत नाही. ते म्हणाले, डावीकडे मोकळं आहे, तिथे सरकवा, दोन्ही फाट्यांच्या मध्ये. पुढच्या आवृत्तीत बघू."

"आणि कुणाला काही वाटलं नाही?"

"कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं की ते जागेअभावी मध्ये आहे. कचेरीबाहेरची माणसंही नकाशे वाचतात, हे आमच्या ध्यानात यायचं राहिलं." मग पाव मोडून म्हणाले, "नदी मी आधी लिहिली आणि मग पाहिली. उलटं करायला हवं होतं."

मी फ्रेम उलटी करून पाहिली. खरंच, अक्षरं डाव्या ओढ्याला चिकटलेली नाहीत. दोन फाट्यांच्या मधल्या रिकाम्या उतारावर, जरा डावीकडे कललेली आहेत. सुरेख आहेत, हे सांगायलाच हवं. पुढच्या आवृत्तीच्या वेळी मात्र तुमच्या यंत्राने प्रत्येक नावाला जवळच्या प्रवाहाची रेघ जोडून दिली. जवळची रेघ डावी होती. त्या वर्षी तो विभाग तुझ्याकडे नुकताच आला होता, हे मला आठवतं, कारण तू पेढे न देता नुसता फोन केला होतास आणि आई आठवडाभर कुरकुरत होती.

बाबांनी अक्षरं सरकवली, यंत्राने चिकटवली, तू सही केलीस. कुणाच्या वाट्याला किती येतं याची वाटणी मला करायची नाही. तू रागावलास तो बाबांसाठी, असं आपण धरून चालू. मला ते धरून चालायला आवडेल.

मी बाबांना विचारलं, "तुम्हाला वाईट वाटलं?"

"बाईच्या बोटांचं वाटलं. नावाचं काय, नाव हलवता येतं." मग भुवई वर करून : "पण हे तुम्हा दोघांत कधीपासून चाललंय?"

"सप्टेंबरपासून."

"आणि मी इथे बसून समजतोय, कचेरीत काम वाढलं."

त्याचं मात्र त्यांना फार लागलं, दादा. त्यानंतर पाव तसाच राहिला.

दुपारी कागद मागून घेतला. म्हणाले, एक पोटनियम होता : जागेअभावी सरकवलेलं नाव असेल आणि अक्षरं काढणारा स्वतः तसं लिहून देत असेल, तर पाहणीविना ते मूळ ठिकाणी नेता येतं. "काढून टाकला नसेल तर बघ म्हणावं. काढून टाकला असेल तर कुणी काढला तेही बघ म्हणावं." सोबत त्यांचा खुलासा जोडला आहे. दोन ओळींना अख्खी दुपार गेली. तिसऱ्यांदा लिहिलेला आहे. पहिले दोन मला बरे वाटले होते, त्यांना अक्षरांमधलं अंतर पटलं नाही.

मेअखेर लांब नाही.

धाकटी


११ मे

दादा,

तुझं पाकीट मिळालं. आत मुद्रणपूर्व प्रत, मंजुरीचा शिक्का, आणि पत्र नाही. पाकीट मी दोनदा झटकलं.

प्रत बाबांनी टेबलावर पसरवली, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि भिंग घेऊन बसले. दुधाळी उजव्या घळीत आहे. कडे जरा विरळ केलेस आणि अक्षरं घळीच्या वळणाबरोबर वळवलीस, शेवटचं अक्षर हिमनदीच्या तोंडाशी नेऊन टेकवलंस. बाबा पुष्कळ वेळ पाहत होते. मग म्हणाले, "बसतं की."

मी म्हटलं, "कड्यांच्या रेघा पुसल्यात त्याने. चालतं का?"

"आमच्या वेळी चाललं नसतं," ते म्हणाले, आणि भिंग सदऱ्याला पुसू लागले. ते आधीच स्वच्छ होतं.

मेंढरंवाल्या मावशीला बोलावून दाखवलं. आमचा एकच शेजार, तुला माहीत आहे. तिने नकाशा उलटा धरला, मग सुलटा धरला आणि म्हणाली, "एवढ्यासाठी भाऊबहीण बोलत नव्हता होय? मला विचारायचं, मी सांगितलं असतं." बाबा म्हणाले, "तुम्हाला विचारायला माणूस यावा लागतो, असा नियम आहे." ती म्हणाली, "मग या की. मी कुठे पळून जाते?"

शिक्षिकेलाही कळवलं. तिने लिहिलंय की जुलैत उजव्या घळीने वर जाणार, या वेळी दोघीजणी, आणि मोज्यांचे जास्तीचे जोड घेऊन.

आता तुझी ती पेन्सिलची खूण. डाव्या ओढ्याशेजारी बारीक प्रश्नचिन्ह, आणि त्याखाली तुझ्या कोरीव अक्षरात : "हा रिकामा राहिला. याला काय म्हणतात?"

आठ महिन्यांत तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी लगेच पेन उघडलं. नाव आहे त्याला, आणि चांगलं आहे. मावशी रोज घेते, मीही घेते. ते लिहून टाकलं असतं तर पत्र इथेच संपलं असतं.

पण बाबांनी पेनावर हात ठेवला. म्हणाले, "पत्रातून कळवलेलं नाव म्हणजे ऐकीव माहिती. त्याच्याच कचेरीचा शब्द आहे. नवीन नावाला पोटनियम नाही. त्याला पाण्याशी उभं राहून विचारावं लागेल."

तेव्हा मी नाव कळवत नाही. हा ओढा या आवृत्तीत रिकामा जाऊ दे, त्यात कुणी हरवत नाही. पुढच्या आवृत्तीसाठी तुला पाहणीला यावं लागेल. ऑक्टोबरात येऊ नकोस, तेव्हा दोन्ही पाणी सारखी दिसतात. जुलैत ये. बस पुलाशी थांबते. तिथे उतरल्यावर आधी खाली पाहा, मग आमच्याकडे वर ये.

दोन घरांतले दोन साक्षीदार तयार आहेत. मावशी एक, बाबा एक. मी बाबांच्याच घरातली, त्यामुळे माझं उत्तर नियमात बसत नाही. मी फक्त चहा करणार, यापूर्वी उलट लिहिलं असलं तरी. तुझी खोली आवरली आहे. खिडकीतून डावा ओढाच दिसतो.

पहिला प्रश्न मावशीला विचार. तोवर बाबा अंगणात पाठ फिरवून, कानांत बोटं घालून बसणार आहेत. त्यांनी सांगायला सांगितलंय की ते फट ठेवणार नाहीत.

तुझी धाकटी